प्रश्नांचा क्रम : भाषांतरसूचीसाठी स्प्रेडशीटमधील पायरीवार साधनाची घडण

भाषांतरित साहित्याची विश्वसनीय सूची ही तौलनिक साहित्याभ्यासाची प्राथमिक गरज आहे, याविषयी आता मतभेद उरलेला नाही. मराठीपुरते बोलायचे तर १८०० ते १९३७ या कालखंडातील ग्रंथांची शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेली सूची आजही अभ्यासकाच्या हाताशी असते. जागतिक पातळीवर भाषांतरांची आंतरराष्ट्रीय सूची १९३२ मध्ये राष्ट्रसंघाच्या आश्रयाने सुरू झाली आणि पुढे ती युनेस्कोकडे आली. या जुन्या सूची कार्डांवर, एकाच्या किंवा मोजक्या माणसांच्या हस्ताक्षरात तयार झाल्या. एकच हात असल्यामुळे त्यांच्यात एक शिस्त आपोआप येत असे. आज विद्यापीठीय विभागांतून जे सूचीकार्य चालते ते बहुतांशी स्प्रेडशीटमध्ये चालते आणि त्यात अनेकांचे हात असतात. त्याचा परिणाम कोणतेही शीट उघडताच दिसतो. मूळ भाषेच्या स्तंभात एका ओळीत ‘इंग्रजी’, दुसरीत ‘इंग्लिश’, तिसरीत ‘आंग्ल’ आणि चौथीत काहीच नाही. इंग्रजीतून मराठीत किती कादंबऱ्या आल्या, हा साधा प्रश्न अशा शीटला विचारला तर उत्तर मिळते, पण ते चुकीचे असते. आणि ते चुकीचे आहे हे आकड्याकडे पाहून कळत नाही.

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे नोंद करणाऱ्याच्या हाती कोरे शीट न देता त्याला एकेक प्रश्न विचारत पुढे नेणारे साधन देणे. संगणकाच्या परिभाषेत अशा साधनाला ‘विझार्ड’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘पब्लिशर’ या आज्ञावलीत १९९१ मध्ये हा शब्द वापरात आला आणि एक्सेलमधील ‘चार्ट विझार्ड’मुळे तो असंख्य कचेऱ्यांत पोहोचला. हा चार्ट विझार्ड एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. कल्पना मात्र टिकली. पडद्यावर एका वेळी एकच पान, त्यावर एकदोन प्रश्न, खाली ‘मागे’, ‘पुढे’ आणि ‘रद्द’ ही बटणे, शेवटच्या पानावर ‘समाप्त’. शब्दाचा अर्थ जादूगार असा असला तरी त्यात जादू काही नाही. दुसऱ्या कोणीतरी आधी करून ठेवलेला विचार वापरणाऱ्याच्या समोर क्रमाने मांडला जातो, इतकेच.

हा आधीचा विचार कोणी करायचा, हा खरा प्रश्न आहे. बहुधा तो तंत्रज्ञाकडे सोपवला जातो. तंत्रज्ञ साहित्याच्या अभ्यासकाला विचारतो की रकाने कोणते हवेत. अभ्यासक घाईने दहाबारा नावे सांगतो आणि साधन तयार होते. मात्र कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर, कोणता अनिवार्य आणि कोणत्या उत्तरामुळे कोणता प्रश्न गळून पडतो, हे ठरवणे म्हणजे भाषांतर कशाला म्हणायचे हे ठरवणे होय. हे काम साहित्याच्या अभ्यासकानेच करावयास हवे आणि त्यासाठी त्याने हे साधन स्वतः घडवायला शिकावे, असे प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे आहे. शिकण्याच्या ओघात ज्या चुका होतात त्या चुकाच या बाबतीत सर्वाधिक बोधक ठरतात.

पाठांतर करणारा मॅक्रो

मॅक्रो म्हणजे स्प्रेडशीटमध्ये एकदा लिहून ठेवलेली आणि हवी तेव्हा चालवता येणारी आज्ञांची मालिका. १९८३ मधील ‘लोटस १-२-३’मध्येही मॅक्रो होते. एक्सेलमध्ये १९९३ च्या पाचव्या आवृत्तीपासून ‘व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स’ ही पूर्ण प्रोग्रामिंग भाषा आली आणि एक्सेल ९७ पासून तिच्या जोडीला ‘युजरफॉर्म’, म्हणजे स्वतः आखता येणारी प्रश्नांची खिडकी, उपलब्ध झाली. विझार्ड घडवण्यासाठी लागणारी सामग्री तेव्हापासून हाताशी आहे आणि तिच्यात फारसा बदल झालेला नाही.

नवशिक्याची सुरुवात ‘मॅक्रो रेकॉर्ड करा’ या बटणापासून होते आणि ते योग्यही आहे. बटण दाबावे, एक नोंद हाताने करावी, थांबवावे आणि मग संगणकाने जे लिहून घेतले ते उघडून वाचावे. हे वाचन साहित्याच्या अभ्यासकाला जड जाऊ नये. अपरिचित भाषेतील संहिता शब्दकोशाच्या साहाय्याने लावण्याची त्याला सवय असते. दोनतीन वेळा वाचले की लक्षात येते की रेकॉर्डरने घोकंपट्टी केली आहे. नोंद करताना माणूस सातव्या ओळीत होता, म्हणून हा मॅक्रो दर वेळी सातव्याच ओळीत जातो आणि आधीची नोंद पुसून नवी लिहितो. ‘यादीतील शेवटच्या भरलेल्या ओळीच्या खालची ओळ’ ही संकल्पना रेकॉर्डरला कळत नाही. ती माणसालाच सांगावी लागते. शीटच्या तळापासून वर येत पहिला भरलेला सेल शोधायचा आणि त्याच्या खाली लिहायचे, ही त्यासाठीची रूढ युक्ती आहे. (तळ म्हणजे २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत ६५,५३६ वी ओळ आणि २००७ पासून १०,४८,५७६ वी. जुन्या पुस्तकांतील उदाहरणे जशीच्या तशी उतरवणाऱ्यांची येथे फसगत होते.)

रेकॉर्डरला प्रश्न विचारता येत नाही आणि अटही घालता येत नाही. ‘जर मूळ भाषा माहीत नसेल तर’ हे वाक्य त्याच्या व्याकरणात बसत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यावर शिकणारा ‘इनपुटबॉक्स’कडे वळतो. एका ओळीच्या आज्ञेने पडद्यावर एक छोटी चौकट उघडते, प्रश्न विचारते आणि उत्तर घेऊन मिटते. अशा आठ चौकटी एकापुढे एक ठेवल्या की विझार्डचा पहिला खर्डा तयार झाला. त्याचा दोष पहिल्याच वापरात उघड होतो. पाचव्या प्रश्नाशी आल्यावर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकल्याचे ध्यानात येते, पण परत जाण्याची सोय नाही. ग्रंथ हाती घेऊन नोंद करणाऱ्याचे काम असेच चालते. मुखपृष्ठावर एक माहिती, प्रस्तावनेत तिला छेद देणारी दुसरी. प्रस्तावना वाचून झाल्यावर मुखपृष्ठाविषयीचे उत्तर बदलावे लागणे हा सूचीकार्यातील नित्याचा अनुभव आहे.

मागे जाण्याचा प्रश्न

तिसऱ्या टप्प्यावर युजरफॉर्म येतो. त्यात ‘मल्टिपेज’ नावाचे एक अंग असते. त्याची पाने वहीच्या पानांसारखी एकामागे एक असतात. वरच्या पट्टीवरील पानांची नावे लपवता येतात आणि ती लपवावीत, म्हणजे वापरणारा मधूनच उडी मारणार नाही. पानांची मोजणी शून्यापासून होते, हे एक लक्षात ठेवण्याजोगे वैशिष्ट्य. ‘पुढे’ दाबले की चालू पानाचा क्रमांक एकाने वाढतो, ‘मागे’ दाबले की एकाने कमी होतो. पहिल्या पानावर ‘मागे’ निष्क्रिय असावे. ‘पुढे’ दाबताना उत्तर तपासावे. ‘मागे’ दाबताना तपासू नये, कारण अर्धवट उत्तर सोडून मागे जाण्याची मुभा माणसाला असली पाहिजे. आणि ‘समाप्त’ दाबेपर्यंत शीटवर एक अक्षरही लिहू नये. हा शेवटचा नियम मोडणारे नवशिके पुष्कळ. प्रत्येक पानावर लगेच शीटमध्ये लिहिण्याचा मोह होतो, आणि मग ‘रद्द’ दाबल्यावर अर्धी नोंद यादीत राहून जाते. अशा अर्ध्या नोंदी पुढे कित्येक वर्षांनी ‘अपूर्ण प्रत’ किंवा ‘लेखक अज्ञात’ म्हणून उद्धृत होऊ शकतात.

येथवरचे सारे यांत्रिक आहे आणि आठवडाभराच्या सरावाने ते जमते. खरी कसोटी लागते ती फाटे फुटू लागतात तेव्हा. कृती ‘रूपांतर’ असल्यास स्थळकाळ व पात्रांची नावे बदलली आहेत काय, असा प्रश्न विचारावयाचा. ‘भाषांतर’ असल्यास तो गाळावयाचा. म्हणजे दुसऱ्या पानावरून काही वेळा तिसऱ्यावर आणि काही वेळा थेट चौथ्यावर जायचे. आता चौथ्या पानावर ‘मागे’ दाबले तर कोठे जायचे? क्रमांकातून एक वजा करणारा मॅक्रो वापरणाऱ्याला तिसऱ्या पानावर नेतो, जेथे तो कधी गेलाच नव्हता. ‘मागे’ याचा अर्थ ‘आधीचा क्रमांक’ असा नसून ‘जेथून आलो ते ठिकाण’ असा आहे, हे या चुकीतून कळते. उपाय साधा आहे. भेट दिलेल्या पानांची यादी ठेवायची. पुढे जाताना चालू पान यादीच्या शेवटी लिहायचे आणि मागे येताना यादीतील शेवटचे नाव उचलायचे.

याच ठिकाणी आणखी एक सूक्ष्म दोष दडलेला असतो. नोंद करणाऱ्याने आधी ‘रूपांतर’ निवडले, रूपांतराचे पान भरले, पुढे जाऊन पुन्हा मागे आला आणि निवड बदलून ‘भाषांतर’ केली. रूपांतराचे पान आता त्याच्या मार्गात नाही. पण त्या पानावर लिहिलेले शब्द खिडकीच्या पोटात तसेच आहेत. ‘समाप्त’ दाबताच मॅक्रो सर्व पाने शीटवर उतरवतो आणि एका सरळ भाषांतराच्या ओळीत ‘पात्रांची नावे बदलली आहेत’ अशी नोंद पडते. त्या नोंदीचा उगम नंतर कोणालाही शोधता येत नाही. म्हणून समाप्तीच्या वेळी फक्त प्रत्यक्ष चाललेल्या मार्गावरील पानेच उतरवावीत. पाठचिकित्सा करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. लेखनिकाने खोडलेला मजकूर पुढच्या प्रतीत पुन्हा उगवावा, तसेच हे आहे.

मूळ कृती म्हणजे कोणती?

फाटे कोठे फुटावेत हे ठरवताना अभ्यासक आपल्या विषयाच्या गाभ्याशी येऊन पोहोचतो. कोणत्याही भाषांतरसूचीत पहिला प्रश्न सहजच ‘मूळ कृतीचे नाव व भाषा’ असा सुचतो. एका भाषांतराला एक मूळ, हे त्यामागचे गृहीत. पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) या साधनात भरून पाहावे. मूळ ब्रेख्तचे १९२८ मधील जर्मन नाटक. पण ब्रेख्तचे नाटक स्वतःच जॉन गे याच्या १७२८ मधील इंग्रजी ‘बेगर्स ऑपेरा’वर उभे आहे आणि गेचा तो मजकूर एलिझाबेथ हाउप्टमन हिच्या जर्मन भाषांतरातून ब्रेख्तच्या हाती आला होता. मूळ कोणते लिहावयाचे? सरळ रेषेत चालणाऱ्या विझार्डला एकच कप्पा आहे, आणि त्यात जे नाव जाईल ते सोडून बाकीचे सारे पुसले जाईल. हाउप्टमनचे नाव तर हमखास जाईल.

यावर एक तोडगा म्हणून ‘मूळ १’, ‘मूळ २’, ‘मूळ ३’ असे स्तंभ वाढवले जातात. तो तोकडा आहे. चौथी कडी निघाली की शीट पुन्हा मोडते. अधिक योग्य मार्ग असा की प्रत्येक कृतीला एक नोंदक्रमांक द्यावा आणि ‘मूळ’ या कप्प्यात नाव न लिहिता दुसऱ्या नोंदीचा क्रमांक लिहावा. विझार्डने प्रश्न विचारावा : ही कृती ज्या संहितेवरून सिद्ध झाली ती यादीत आहे काय? असेल तर निवडा. नसेल तर त्या संहितेसाठी हाच विझार्ड नव्याने उघडावा आणि ती नोंद पूर्ण झाल्यावर मूळ जागी परत यावे. साखळी कितीही लांब असली तरी यात सामावते. एका मूळातून अनेक शाखा निघाल्या तरी अडचण येत नाही. तुलनाकाराला नेमके हेच जाळे पाहावयाचे असते.

प्रकाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. निवडीच्या यादीत मराठीतील कोणते शब्द ठेवायचे? भाषांतर, अनुवाद, रूपांतर, स्वैर अनुवाद, आधारित, तर्जुमा हे शब्द मराठी मुखपृष्ठांवर एकोणिसाव्या शतकापासून वावरत आहेत आणि त्यांच्या सीमा दर पिढीत सरकत आल्या आहेत. ‘भाषांतर’ आणि ‘अनुवाद’ यांत काही जण भेद करतात, काही जण करत नाहीत. गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) ही दोन्ही नाटके शेक्सपिअरवरून आलेली, पहिले ‘हॅम्लेट’वरून आणि दुसरे ‘ऑथेल्लो’वरून, परंतु शीर्षकावरून याचा पत्ता लागत नाही, आणि दोघांचे मूळाशी असलेले नातेही एकसारखे नाही. सहा शब्दांची बंद यादी समोर ठेवली की नोंद करणारा त्यातला एक निवडतोच. काही महिन्यांनी त्या निवडींची टक्केवारी काढली जाते आणि मराठीत रूपांतराचे प्रमाण अमुक आहे असे विधान निबंधात येते. हे विधान वस्तुतः मराठी साहित्याविषयी नसून त्या यादीविषयी असते.

येथे दोन वेगळे प्रश्न विचारणे इष्ट. एक, मुखपृष्ठावर कोणता शब्द छापला आहे? तो मोकळ्या कप्प्यात, जसा छापला तसा लिहावा. दोन, नोंद करणाऱ्याच्या मते नाते कोणते? हे यादीतून निवडावे. पहिले उत्तर पुरावा आहे, दुसरे मत आहे. एका कप्प्यात दोन्ही कोंबले की पुरावा मताच्या पोटात नाहीसा होतो. क्रमही महत्त्वाचा. आधी यादी दाखवली तर छापील शब्दाकडे पाहण्याआधीच निवड होऊन बसते.

द्वैभाषिक लेखक समोर आले की आणखी एक पान लागते. अरुण कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी ‘जेजुरी’ पुस्तकरूपाने आली ती २००४ मध्ये झालेल्या त्यांच्या निधनानंतर. दोहोंतील एकीला ‘मूळ’ आणि दुसरीला ‘भाषांतर’ म्हणणे हा निष्कर्ष असू शकतो, तो नोंदीची पूर्वअट होऊ शकत नाही. विझार्डमध्ये ‘परस्परसंबद्ध संहिता, अग्रक्रम ठरवलेला नाही’ असा पर्याय नसेल तर साधन अभ्यासकाच्या वतीने निर्णय घेऊन मोकळे होते.

उत्तर तपासण्याच्या नियमांनाही हेच लागू आहे. ‘भाषांतराचे वर्ष मूळ कृतीच्या वर्षाच्या आधीचे असू नये’ हा नियम कोणालाही निर्दोष वाटेल. पु. लं.च्या ‘ती फुलराणी’चे (१९७५) मूळ असलेले शॉचे ‘पिग्मॅलियन’ मात्र रंगभूमीवर प्रथम आले ते १९१३ मध्ये, व्हिएन्ना येथे आणि जर्मन भाषांतरात. लंडनचा इंग्रजी प्रयोग १९१४ चा. वरील नियम घातलेला विझार्ड ही खरी माहिती स्वीकारणार नाही. नोंद करणारा कंटाळून दोहोंपैकी एक साल बदलेल. म्हणून असा नियम अडवणारा नसावा, विचारणारा असावा : ‘वर्षांचा क्रम नेहमीपेक्षा उलटा दिसतो, खात्री आहे काय?’ एवढे विचारून पुढे जाऊ द्यावे.

अनिवार्य कप्प्यांबद्दलही येथेच बोलणे योग्य. तंत्रज्ञांना रिकामा कप्पा खटकतो आणि ते तो अनिवार्य करून टाकतात. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ मराठी पुस्तकांवर मूळ लेखकाचे नाव नाही, काहींवर भाषांतरकाराचेही नाही. अनिवार्य कप्पा अशा वेळी खोटे उत्तर निर्माण करतो. निदान एक टिंब तरी पडतेच. त्याऐवजी रिकामेपणाचे प्रकार वेगळे ओळखावेत. ग्रंथात उल्लेख नाही, ही एक स्थिती. उल्लेख आहे पण ओळख पटत नाही, ही दुसरी. अद्याप तपासलेले नाही, ही तिसरी. चौथी, प्रत फाटकी असल्यामुळे ठरवता येत नाही. हे चार पर्याय प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाखाली द्यावेत, आणि चारांपैकी एक निवडल्याशिवाय ‘पुढे’ जाऊ देऊ नये. अनिवार्यता उत्तराची नको, उत्तर का नाही हे सांगण्याची असावी. सूचीच्या दृष्टीने ‘अद्याप तपासलेले नाही’ हा पर्याय सर्वांत मोलाचा, कारण पुढच्या अभ्यासकाने कोठून सुरुवात करावी हे तो सांगतो.

लिपी, अंक आणि सन

भारतीय भाषांसाठी हे साधन घडवणाऱ्याला जो अडथळा हमखास भेटतो तो इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत क्वचितच आढळतो. एक्सेलच्या शीटवर देवनागरी निर्वेध लिहिता येते. मॅक्रो ज्या संपादकात लिहायचा तेथे मात्र देवनागरी अक्षरांच्या जागी सामान्यतः प्रश्नचिन्हे उमटतात, कारण तो संपादक युनिकोडपूर्व काळातील वर्णसंचावर आधारलेला आहे. इनपुटबॉक्सच्या चौकटीची आणि युजरफॉर्मच्या शीर्षकपट्टीची गतही तीच. फॉर्मच्या आतील कप्पे व मजकूर मात्र युनिकोड दाखवू शकतात. म्हणून रूढ तोडगा असा : सर्व प्रश्न, पर्याय आणि सूचना एका वेगळ्या शीटवर लिहून ठेवाव्यात आणि मॅक्रोने चालते वेळी त्या तेथून उचलून फॉर्मवर मांडाव्यात.

नाइलाजाने केलेल्या या तोडग्याचा लाभ मोठा आहे. प्रश्न मॅक्रोच्या बाहेर आले की ते वाचण्यासाठी, त्यांवर वाद घालण्यासाठी आणि ते बदलण्यासाठी मॅक्रो समजण्याची गरज उरत नाही. शेजारच्या स्तंभात त्याच प्रश्नांची कन्नड, बंगाली किंवा उर्दू रूपे लिहिली तर तेच साधन त्या भाषांच्या विभागांनाही वापरता येते. आणि ‘रूपांतर’साठी शेजारच्या भाषेत कोणता शब्द लिहावा यावर चर्चा सुरू झाली की तौलनिक अभ्यासाचे एक दालन उघडते. लिब्रेऑफिस या मुक्त आज्ञावलीत बेसिक भाषेच्या संहितेतच देवनागरी लिहिता येते आणि तेथील संवादचौकटींना ‘पायरी’ हा गुणधर्म जन्मतःच असतो. परवान्याचा खर्च टाळू पाहणाऱ्या विभागांनी तिचा विचार अवश्य करावा.

लिपीचा दुसरा पेच शोधाच्या वेळी जाणवतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये, स्वतंत्र वर्ण म्हणून आले. त्याचा संकेतांक २४१८. त्यापूर्वी, आणि सवयीने नंतरही, ते ‘अ’ आणि चंद्र अशा दोन वर्णांनी (२३०९ व २३७३) लिहिले जात असे. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, संगणकाला ती भिन्न आहेत. एकाच लेखकाचे नाव दोन रूपांत साठवले गेले तर यादीत दोन लेखक होतात. तेव्हा ‘समाप्त’च्या आधी मॅक्रोने जोडरूपाच्या जागी स्वतंत्र वर्ण घालून घ्यावा. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ यांचा मामला वेगळा. तो लेखनपद्धतीचा भेद आहे, मुखपृष्ठावर जसा असेल तसा तो जपला पाहिजे, आणि शोधासाठी वेगळा स्तंभ ठेवावा.

देवनागरी अंकांबाबत खात्रीचा मार्ग म्हणजे अंकाच्या संकेतांकातून २३५८ वजा करणे. देवनागरी शून्याचा संकेतांक २४०६, रोमन शून्याचा ४८. एवढ्या एका वजाबाकीने ‘१८९०’ हे संगणकाला मोजता येणारे साल होते.

सनाचे दुखणे मात्र वजाबाकीने बरे होत नाही. एक्सेलचे शीट १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही, तिला साधा मजकूर समजते. उलट मॅक्रोच्या भाषेतील तारखा इसवी सन १०० पासून सुरू होतात. त्यामुळे मॅक्रोमध्ये बरोबर ठरलेली तारीख शीटवर उतरताच परकी होते. (१९०० हे लीप वर्ष नसतानाही एक्सेल त्या वर्षी २९ फेब्रुवारी मानते. लोटसमधील चूक सुसंगतीसाठी मुद्दाम तशीच ठेवली गेली आणि आजतागायत ती चालू आहे. तंत्रज्ञानालाही परंपरेचा भार असतोच.) एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांवर पुष्कळदा केवळ शके छापलेले असते. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय सार्वत्रिक आहे. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून शके १८०२ म्हणजे १८८० किंवा १८८१, यांपैकी नेमके कोणते हे महिना कळल्याशिवाय सांगता येत नाही. दोन नाटकांत कोणते आधीचे, असा वाद ज्या काळाविषयी चालतो त्या काळाबाबत हा एका वर्षाचा फरक क्षुल्लक नाही. विझार्डने छापील सन जसाच्या तसा घ्यावा, ‘शके की इसवी’ हे विचारावे, आणि इसवी सन एक आकडा म्हणून न लिहिता ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन स्तंभांत लिहावा.

लिपी आणि भाषा हे प्रश्नही वेगळे ठेवावे लागतात. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी कागदपत्रांत मोडी विपुल आहे. भाषा निवडताच लिपीचा कप्पा आपोआप ‘देवनागरी’ने भरणारा विझार्ड सोयीचा वाटेल, पण महाराष्ट्राबाहेरील मराठीचा मोठा भाग तो नजरेआड करील.

साधनाचे हस्तांतर

असे साधन एका विभागात तयार झाले की ते दुसऱ्या विद्यापीठात पाठवण्याची वेळ येते, आणि तेथे पहिलाच अनुभव निराशेचा असतो. मॅक्रो असलेली फाइल ‘एक्सएलएसएम’ या प्रकारात जपावी लागते. साध्या प्रकारात जपल्यास मॅक्रो गळून पडतात. शिवाय इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवण्यास सुरुवात केली. कारण योग्यच आहे. मॅक्रोंच्या वाटे विषाणू पसरवण्याचा इतिहास मोठा आहे. पण ई-मेलने आलेला विझार्ड उघडणाऱ्या प्राध्यापकाला केवळ एक निर्जीव शीट दिसते. फाइलच्या गुणधर्मांत जाऊन तिची अडवणूक उठवावी लागते, आणि ती पाठवणाऱ्यावर विश्वास असेल तरच उठवावी, हे सोबतच्या पत्रात लिहून द्यावे.

यापेक्षा गंभीर प्रश्न वेळेचा आहे. प्रकल्पाचा कालावधी संपतो, ज्याने मॅक्रो लिहिला तो दुसरीकडे जातो आणि कुलूप लावलेली संहिता मागे राहते. म्हणून मॅक्रोला परवलीचा शब्द लावू नये. प्रत्येक पानापाशी ते पान का आहे आणि कोणत्या उत्तरानंतर ते गाळले जाते, हे दोन ओळींत लिहून ठेवावे. संपादक देवनागरी दाखवीत नसल्याने हे टिपण प्रश्नांच्या शीटवरच, प्रश्नाच्या शेजारी लिहावे.

आणि शीटवर उतरणाऱ्या प्रत्येक नोंदीत एक स्तंभ असा असावा, जो वापरणाऱ्याला दिसत नाही व मॅक्रो स्वतःच भरतो : प्रश्नावलीची आवृत्ती. प्रश्न बदलत जाणार, यादीत नवे प्रकार येणार, जुने गळणार. पहिल्या वर्षी ‘परस्परसंबद्ध संहिता’ हा पर्यायच नव्हता, म्हणून त्या वर्षीच्या सर्व द्वैभाषिक कृती ‘भाषांतर’ ठरल्या, हे दहा वर्षांनी शीट उघडणाऱ्याला या एका आकड्यावरून कळते, आणि नेमक्या कोणत्या नोंदी पुन्हा ग्रंथालयात जाऊन तपासायच्या हेही.